न पाहिलेल्या कुस्त्या

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याच्या चरवीत आधी बोट बुडवून बघायचं आणि मगच पातेलं पुढं करायचं, ही माझी रीत. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पोराला मी आधी उड्या मारायला लावायची आणि मग घरी सोडायची. गावातली माणसं मला वचकून असत आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. अशा बाईनं कितीतरी वर्षं सांगलीच्या एका वर्तमानपत्रात कुस्त्यांची वर्णनं लिहिली, आणि त्यातली एक सोडली तर कुठलीच कुस्ती तिनं स्वतः पाहिलेली नव्हती, हे आज कुणाला सांगितलं तर तो मलाच उड्या मारायला लावेल.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. मी तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात मी आणि वडील, दोघंच. आई मी लहान असतानाच गेली. वडिलांना मी आबा म्हणायची, आणि सगळं गावही आबाच म्हणायचं. तरुणपणी ते नावाजलेले पैलवान होते. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यांत रुतलेली, आणि चालताना अजूनही दोन्ही हात अंगापासून लांब. लंगोट सुटल्यावर त्यांना गावोगावच्या जत्रांतून पंच म्हणून बोलावणं येऊ लागलं. दोघं मातीत लोळत असताना वाकून बघायचं, कुणाची पाठ टेकली ते ठरवायचं आणि जिंकलेल्याचा हात धरून वर करायचा, हे पंचाचं काम. त्याचं मोल एक फेटा, एक नारळ आणि चार माणसांत मान. शेत वाट्यानं दिलेलं होतं, त्यामुळं आबांना वर्षभर दुसरा उद्योग नव्हता. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की ते जिवंत होत.

आमच्या भागात तेव्हा एक रीत होती. पंचानं एकदा हात वर केला की तो खाली आणायचा नाही. लोकांनी कितीही आरडाओरडा केला तरी नाही, आणि पंचाला स्वतःला मागाहून शंका आली तरी नाही. हात खाली आणला तर पुढच्या सगळ्या कुस्त्यांना अर्थ उरणार नाही, असं जुनी माणसं म्हणत. म्हणून पंच निवडताना त्याचा डाव बघत नसत, त्याचं नाव बघत. आबांच्या नावाला कधी कुणी बोट लावलं नव्हतं.

लिहिण्याचं माझ्याकडं आलं ते असं. सांगलीच्या पेपरचा एक माणूस कुठल्याशा मैदानात आबांना म्हणाला, की कुस्त्यांचे निकाल कळवत जा, आम्ही छापू. आबांचं लिहिणं म्हणजे सहीपुरतं. ते सांगायचे आणि मी लिहायची. पहिल्यांदा नुसते निकाल लिहिले. मग मला वाटलं, निकाल काय कुणीही देईल, कुस्ती कशी झाली ते लिहावं. तेही छापून आलं. पेपरवाल्यांनी खाली ‘एक कुस्तीशौकीन’ असं टाकलं आणि तेच माझं नाव होऊन बसलं. मोबदला म्हणून टपालानं एक अंक यायचा. सगळ्यांना वाटायचं, कुस्तीशौकीन म्हणजे सांगलीचा कुणीतरी मिशाळ माणूस असणार. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

मैदानात बाईनं जायचं नाही हा नियम कुणी कुठं लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडलेलाही कुणी पाहिला नव्हता. माती मारुतीची, तिथं बाईची सावली नको. मला त्याचा राग येई, पण भांडायला जावं इतका नाही, कारण कुस्ती मला घरबसल्या मिळत होती. मैदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा घराच्या पुढच्या सोप्यात जमिनीवर बसायचे, मी त्यांच्या उजव्या हाताला चहाचा कप ठेवायची आणि ते सुरू व्हायचे. कुणाचा पाय कुठं होता, कुणी मानेवर हात टाकला, कुणाचा दम कवा तुटला. एखादा डाव मला कळला नाही तर अंथरुणाची वळकटी पुढं ओढून तिच्यावर करून दाखवायचे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलेली असायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मी खरीखुरी शौकीन होते. माझ्या आयुष्यात त्या सकाळींइतकं सुख मला दुसऱ्या कशानं दिलेलं नाही, आणि हे मी लग्न न केलेली बाई म्हणून बोलत नाही, विचार करून बोलतेय.

आणि त्याच सकाळींचा मला संशय येऊ लागला.

झालं असं, की आबांचं सांगणं बदललं. पूर्वी ते लंगोटाचा रंग सांगायचे, पैलवानाच्या पाठीवरचा डाग सांगायचे. आता म्हणायचे, हलगी अशी वाजली, लोक असे उठले, अंग मातीवर असं आपटलं. वाचायला ते झकास वाटायचं, पेपरवाल्यांनी कौतुकही कळवलं. पण मी विचारलं, की ढाक मारताना डावा पाय आत होता की बाहेर, तर आबा म्हणायचे, तुला काय करायचंय, डाव बसला एवढं लिव. ज्या माणसानं मला वळकटीवर डाव शिकवले तो असं बोलायला लागला, तेव्हा माझी भुवई वर गेली.

एकदा शाळेत हेडमास्तर पेपर वाचताना म्हणाले, की हा कुस्तीशौकीन कडेगावच्या मैदानात होता की हॉटेलात? ती कुस्ती ह्यानं लिहिलीय त्या डावावर झालीच नाही, मी स्वतः बघितलीय. मी कप विसळत होते, तशीच विसळत राहिले. घरी येऊन आबांना विचारलं तर ते चिडले. हेडमास्तर कुठनं बगत व्हते, म्हणाले, झाडावरनं? माझ्या मनात मात्र भरलं, की आबा मैदानात थांबतच नाहीत. कुणाच्या तरी ओट्यावर चहा पीत बसतात आणि येताना एसटीत पोराटोरांना विचारून घेतात. एकदा मी स्टँडवर आणायला गेले तेव्हा ते खरोखरच दोन तरुणांना विचारत होते, की मघाच्या कुस्तीत शेवटाला काय झालं रं?

त्यात वस्तादांचं येणं-जाणं वाढलं. हे वस्ताद कराडला तालीम चालवत. आबांच्या हाताखाली तयार झालेले, आबांच्या पायाला हात लावल्याशिवाय न बसणारे. ते आले की दोघं सोप्यात हळू आवाजात बोलत आणि मी पाणी घेऊन गेले की गप्प होत. एका खेपेला वस्तादांनी तुपाचा डबा आणला. चांगलं घरचं, रवाळ तूप. कशाला, असं मी विचारलं, तर जुनी माया, असं आबांनी उत्तर दिलं. त्या तुपाचा भाकरीला बोटभरही उपयोग झाला नाही. आबा दुपारी पाय पसरून बसायचे आणि काशाच्या वाटीनं तळपायाला ते तूप घासत राहायचे. मी म्हटलं, श्रीमंती आलीय. माझ्या डोक्यात सारखं एकच फिरत होतं, की पंचाच्या घरी वस्ताद तूप का आणतो?

कारण वस्तादांचा एक पैलवान त्या साली जोरात होता. पूर्वेकडच्या मेंढपाळाचा मुलगा. दुष्काळात मेंढरं संपली तेव्हा बापानं त्याला तालमीत आणून सोडला, खायला तरी मिळेल म्हणून. काळा, उंच, हाडापेरानं मोठा आणि बोलायला अगदी कमी. आमच्या गावच्या जत्रेत त्याची जोड ठरली ती शेजारच्या साखर कारखान्याच्या चेअरमनच्या भाच्याशी. भाचा गोरा, दुधातुपात वाढलेला. चेअरमननं बोलून टाकलं होतं, की जो जिंकेल त्याला कारखान्याचा पैलवान म्हणून घेऊ. म्हणजे नोकरी, दूध, बदाम, सगळं आलं. भाच्याला त्याची गरज नव्हती. मेंढपाळाच्या मुलाचं सगळं त्याच्यावर होतं, कारण तालमीला त्याचा खुराक झेपत नव्हता आणि वस्ताद त्याला परत पाठवायच्या विचारात होते. हे सगळं गावाला ठाऊक होतं. पंच आबा होते.

त्या वर्षी मैदान नदीकाठच्या मळीतून हललं, कारण मळीत उपशाचं पाणी आलं आणि ऊस उभा राहिला. मैदान शाळेच्या पटांगणात घ्यायचं ठरलं. शाळेच्या माडीला भूकंपात तडा गेलेला होता, तेव्हापासून तिला कुलूप आणि किल्ली माझ्याकडं. कुस्त्या सुरू झाल्यावर मी मागच्या दारानं आत गेले, जिना चढले आणि खिडकीची फळी बोटभर ढकलली. भिंत पडेल ही भीती वाटत नव्हती, कुणी वर बघेल ही वाटत होती. मी कुस्ती बघायला गेले नव्हते, हे खरं सांगते. मी आबांना बघायला गेले होते.

पण कुस्ती दिसली आणि मी आबांना विसरले. इतकी वर्षं जे लिहिलं ते असं असतं होय, असं झालं. अंग मातीवर पडल्याचा आवाज खिडकीपर्यंत येत होता. मेंढपाळाच्या मुलानं पट काढून भाच्याला खाली घेतलं, मागून कब्जा घेतला आणि त्याला बराच वेळ दाबून ठेवलं. दोघं मातीनं असे माखले की गोरा कोण आणि काळा कोण ते लांबून कळेना, पण मी उंचीवरून ओळखत होते. मग त्यानं घिस्सा मारला. भाचा पालथ्याचा उताणा झाला, दोन्ही खांदे मातीला लागले. मैदान उठलं. त्याच झोकात दोघं आणखी एकदा गडगडले आणि भाचा वर आला. आबा धावत आले, वाकले, एक हात मातीवर टेकून दुसऱ्या हातानं वरच्या माणसाचं मनगट धरलं आणि वर केलं. मदतीला असलेला दुसरा पंच पलीकडं गर्दी मागं हटवत होता, त्याला काही दिसलं नाही.

लोक ओरडले. ‘पंच फुटला’ हे शब्द मी वर स्वच्छ ऐकले. फुटला म्हणजे दुसऱ्या बाजूला मिळाला. चेअरमनची माणसं फेटे उडवायला लागली. वस्ताद आखाड्याबाहेर उभे होते. त्यांनी वाकून माती कपाळाला लावली, आपल्या पैलवानाच्या खांद्यावर धोतर टाकलं आणि त्याला घेऊन गेले. आबा मातीत उभे होते आणि हात अजून वरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे सोप्यात बसले. मी कप त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. त्यांनी सांगायला सुरुवात केली. भाच्यानं कसा कब्जा घेतला, कसा दम राखला, कसा घिस्सा मारला. मी पेन्सिल हातात धरून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यांत बघत, माझा बाप धडधडीत खोटं सांगत होता. शेवटी मला राहवलं नाही.

“आबा, मी बघितलीया ती कुस्ती,” मी म्हटलं. “शाळंच्या माडीवरनं.”

ते भडकतील असं मला वाटलं होतं. बाईमाणसानं मैदान बघितलं म्हणून माझ्या आजीनंसुद्धा घर डोक्यावर घेतलं असतं. आबा मात्र पुढं सरकले.

“समदी बघितलीस?”

“समदी.”

“मग सांग.”

आणि मी सांगायला लागले. इतकी वर्षं ते सांगत आणि मी विचारत असे, त्या सकाळी उलटं झालं. पट काढताना डोकं कुठल्या बाजूला होतं, ते विचारत होते. घिस्सा मारताना गुडघा कुठं टेकला होता, भाच्यानं मान घातली होती का. मी एकेक सांगत गेले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता, मध्येच ते ‘वा’ म्हणाले. मग मी खांदे टेकल्याचं सांगितलं. दोघं गडगडले आणि भाचा वर आला हे सांगितलं. “तुमी वरच्याचा हात धरलासा,” मी म्हटलं. आबा फेट्याचं टोक बोटांना गुंडाळत आणि सोडत बसले.

मला दया आली नाही. मी वर्गात विचारते त्याच आवाजात विचारलं, “कुणाकडनं काय घेतलंसा, आबा?”

आबांनी फेट्याचं टोक सोडून दिलं.

“घेतलं,” ते म्हणाले.

“काय घेतलं?”

“तूप.”

मी उठून आत गेले. मला राग आला होता आणि लाज वाटत होती, आणि दोन्हीपेक्षा जास्त फसवल्यासारखं वाटत होतं. ह्या माणसाच्या शब्दावर मी वर्षानुवर्षं लिहिलं. आबांचा गार झालेला कप उचलून आणला होता, हाताला काम हवं म्हणून मी पुन्हा चहा टाकला. समोर फळीवर तो डबा होता. त्याच्याकडं बघत उभी असताना माझा संशयी मेंदू त्याच्या सवयीनं कामाला लागला. डबा आणला वस्तादांनी. हरला वस्तादांचाच पैलवान. आपल्याच माणसाला पाडायला कोण तूप देईल? आबांनी जे तोंडात आलं ते सांगितलं होतं. कुणी लाच घेतली असती तर निदान कुणाकडून घेतली ते तरी त्याला नीट ठाऊक असतं.

मग मला तळपाय आठवले. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप घासतात ते कशासाठी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डोळ्यांसाठी घासतात, आणि वस्तादांनी डबा त्यासाठीच आणला होता. मी त्याला श्रीमंती म्हणाले होते.

मी कप घेऊन बाहेर आले. रोजच्या जागी ठेवला नाही. आबांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, कप पुढं धरून उभी राहिले आणि बोलले नाही. सकाळचं ऊन सोप्यात आलेलं होतं. आबांनी मान माझ्या बाजूला वळवली. त्यांचा उजवा हात जमिनीवर कप असायच्या जागी गेला, तिथं चाचपला आणि परत आला.

“आज दुसरा च्या न्हाई का?” त्यांनी विचारलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचीही गरज नव्हती, हे जास्त वाईट होतं. चष्मा फुटल्यापासून ते पेपर माझ्याकडून वाचून घेत. तुझ्या तोंडचं ऐकायला बरं वाटतं, असं म्हणत, आणि मी खुश होत असे. एसटीत पोरांना विचारत होते ते आळसानं नव्हे. हलगी, लोकांचा आवाज आणि मातीवर पडलेलं अंग एवढ्यावर ते कुस्ती ओळखत होते, आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखत होते. जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेणाऱ्या मला त्याच घरात राहून हे कळलं नव्हतं.

मी कप रोजच्या जागी टेकवला. आवाज होईल असा टेकवला.

आबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, “लिव. पोरगं जिंकलं म्हनून लिव. पंच फुटला व्हता म्हनून लिव.”

“लोक तुमास्नी लबाड म्हणतील.”

“म्हनू देत. लबाडाला मानसं निदान भिऊन तरी असत्यात.”

मला कळलं, की त्यांना काय नको होतं. लबाड म्हटलेलं त्यांना चालणार होतं, हाताला धरून वाट दाखवलेली चालणार नव्हती. त्या मुलाचं जिंकणं त्याला मिळावं म्हणून ते आपलं नाव द्यायला तयार होते, पण डोळ्यांची गोष्ट द्यायला तयार नव्हते. मी वाद घातला नाही. मी लिहिलं, की पूर्वेकडच्या पैलवानानं ती कुस्ती घिस्सा डावावर जिंकली, दोन्ही खांदे टेकले, आणि पंचांकडून निर्णयात चूक झाली. फुटला हा शब्द मी लिहिला नाही. तो खरा नव्हता.

अंक आला त्या दिवशी आबांनी तो वाचायला सांगितला. मी वाचला. चुकीच्या जागी आले तेव्हा मी कागदावरचं सोडलं आणि तोंडानं म्हटलं, की पंच फुटला होता. त्यांना हवं तसं. आबांनी हात पुढं केला. दे हिकडं, म्हणाले. मी अंक हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी नीट धरला, तोंडापुढं घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्यांचे डोळे कागदावर वरून खाली गेले, वाचणाऱ्याचे जातात तसे.

“बराबर,” ते म्हणाले. “फुटला म्हनूनच छापलंय.”

आणि अंकाची घडी घालून मला दिली.

पुढं त्या मुलाला कारखान्यानं घेतलं. माझ्या लिहिण्यामुळं घेतलं असं मी म्हणणार नाही, कारण वस्ताद कितीदा तरी चेअरमनच्या दारात बसून आले होते. पेपरात चूक एवढंच आलं, म्हणून गावानंही हळूहळू ‘फुटला’ म्हणायचं सोडलं. पावसाळा गेला, सुगी गेली. मी आबांना कराडला डॉक्टरकडं नेण्याचं दोनदा काढलं, माझे डोळे दाखवायचेत, तुम्हीही चला, असं म्हणून. ते दोन्ही वेळा म्हणाले, की तू जाऊन ये, मला काय झालंय? मी एकटीच गेले आणि माझे डोळे उत्तम असल्याचं ऐकून परत आले.

चैत्र लागला आणि वस्ताद नारळ घेऊन दारात उभे राहिले. पंचाला बोलावणं द्यायला आले होते. आबांच्या पायाला हात लावून बसले आणि म्हणाले, की यंदाबी आबाच पायजेत, गावचं म्हणणं हाय. हे बोलताना ते आबांकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. बोलवायचं नाही तर गुरूचा अपमान, आणि बोलवायचं तर पुन्हा कुणाचा तरी हात वर जायचा राहणार. त्यांना दोन्ही नको होतं, मलाही नको होतं. जाऊ नका म्हणावं तर कारण द्यावं लागणार होतं, आणि ते कारण आबांनी आपलं नाव देऊन झाकलेलं होतं.

आबा म्हणाले, “येतो की. न यायला काय झालं?” त्यांचा आवाज एवढा मोठा होता की मला त्याचाही संशय आला.

तेव्हा मी बोलले. ते मी आधी ठरवलं होतं असं नाही.

“आबा, मी लिवायचं सोडलंय,” मी म्हटलं.

“का गं?”

“कंटाळा आला. न्हाई लिवणार आता.”

त्या क्षणापर्यंत मला लिहायचंच होतं. नव्या हंगामासाठी मी कागदाचा दस्ता आणून ठेवला होता. आबांचे खांदे खाली आले.

“मग मी बगून येऊन सांगू कुनाला?” ते वस्तादांना म्हणाले. “ऐकायला कोन न्हाई तर जायाचं कशाला रं? दुसरा पंच बग गड्या.”

वस्ताद लगेच म्हणाले, की खरं हाय, आबा, खरं हाय. त्यांनी नारळ तरीही आबांच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटेपर्यंत आपला हात खाली धरून ठेवला. जाताना उंबऱ्याबाहेरून मला त्यांनी नुसते हात जोडले. पेपरवाल्यांना मी तब्येतीचं कारण कळवलं.

आबा पंच म्हणून का येत नाहीत ते गावभर झालं आणि गावानं मला बोल लावला. हेडमास्तरांना कुस्तीशौकीन कोण ते त्यातूनच कळलं, त्यांनीही लावला. म्हाताऱ्याचा एकुलता एक शौक पोरीनं आपल्या कंटाळ्यापायी बंद केला, असं जो तो म्हणे. जत्रेच्या दिवशी दुपारी आमच्या सोप्यात चार म्हातारे जमले आणि तेच सुरू झालं. शाळेकडून हलगी ऐकू येत होती. मी आत पीठ मळत होते. एकजण म्हणाला, की लय हट्टी हाय तुमची पोरगी, आबा, तुमच्या जिवाचा इचार न्हाई केला तिनं.

आबा म्हणाले, “तिला बोलू नगा. तिला दिसतंय ते समदं लिवता येत न्हाई, म्हनून सोडलंय तिनं.”